टिंब, रेघ की पाचर : पियानोच्या प्रतींतल्या स्टॅकाटो खुणा कशा वाचाव्यात

स्टॅकाटोची, म्हणजे सूर तुटक वाजवायची, खूण दिसली की बहुतेक जण एकच गणित मांडतात : टिंब असेल तर नोट अर्धी, पाचर असेल तर पाव. गणित कुणी मनाने काढलेलं नाही. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीसाठी लुई आदामने १८०४च्या सुमारास तयार केलेल्या पियानोच्या पाठ्यपुस्तकात ते असंच दिलं आहे : पाचर म्हणजे पाव लांबी, टिंब म्हणजे अर्धी, कमानीखालची (नोटा जोडणाऱ्या वक्ररेषेखालची) टिंबं म्हणजे पाऊण. घोळ होतो तो हेच माप मोझार्टला, बेथोव्हेनला, शोपँला आणि बार्टोकला सरसकट लावल्यामुळे. त्याहून मोठा घोळ म्हणजे आपण मोजतोय ती खूण मुळात संगीतकाराची आहे की मधल्या कुणाची, हे बघायचं राहूनच जातं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवायचा : ही खूण कोणी घातली, ती कशासाठी घातली, आणि मग ती किती लांब वाजवायची. लांबीचा प्रश्न सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, मधला एखादा गाळू नका.

## तयारी

अख्खी सोनाटा एकदम घेऊ नका. सोळा ते चोवीस बार पुरेत, पण त्यात सुरुवातीची चाल यावी आणि तीच चाल पुढे जिथे परत येते ती जागाही यावी. हे दुसरं ठिकाण तिसऱ्या टप्प्यात लागणार आहे.

तीन प्रती जमवा. तुम्ही रोज वाजवता ती पहिली. संगीतकाराच्या हयातीत निघालेली पहिली छापील आवृत्ती ही दुसरी. हस्तलिखित उपलब्ध असेल तर त्याची छायाप्रत ही तिसरी. हे आता घरबसल्या मिळतं. बॉनच्या बेथोव्हेन-हाउसने आपल्या संग्रहातली हस्तलिखितं संगणकावर खुली केली आहेत. मोझार्टची नवी समग्र आवृत्ती, संपादकीय अहवालांसकट, फुकट पाहता येते. शोपँच्या पहिल्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून बघायची सोय आहे. बाकी बरंच काही आयएमएसएलपी या संगीतप्रतींच्या खुल्या संकेतस्थळावर सापडतं, पण तिथली प्रत उघडताना ती कोणत्या सालची आणि कोणी संपादित केलेली, हे आधी वाचा.

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि आपल्या प्रतीची झेरॉक्स काढून तिच्यावर काम करा. मूळ पुस्तकावर पहिल्याच दिवशी खुणा केल्यात तर आठवड्याने त्या छापल्यासारख्या वाटायला लागतात.

## टप्पा १ : हातातली प्रत ओळखा

मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि पहिल्या पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. ‘संपादित’, ‘सुधारित’, ‘बोटांच्या आकड्यांसह’ असं काही दिसलं की सावध व्हा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या शिकवणीच्या आवृत्त्यांमध्ये संपादक आपली वादनशैलीच छापत असत. कमानी लांबवायच्या, टिंबं वाढवायची, उभ्या रेघांची (छापात यांचीच पाचर होते) टिंबं करायची, आणि हे कुठे केलं ते सांगायचंच नाही. त्या आवृत्त्या टाकाऊ नाहीत. मोठा वादक एखादी जागा कशी ऐकत होता हे त्यांतून कळतं, पण संगीतकाराने काय लिहिलं ते कळत नाही.

‘उर्टेक्स्ट’ (मूळ पाठ) असा शिक्का असलेल्या आवृत्तीत संपादकाने भर घातलेल्या खुणा सहसा कंसात, बारीक टायपात किंवा तुटक रेघेने दाखवतात. कोणती पद्धत वापरली आहे ते प्रस्तावनेत लिहिलेलं असतं, आणि प्रस्तावना कुणी वाचत नाही. आणखी एक बघा : या आवृत्तीने टिंब आणि रेघ वेगवेगळी छापली आहेत, की सगळ्यांना एकच चिन्ह दिलं आहे? एकच चिन्ह दिलं असेल तर त्या प्रतीवरून ‘इथे टिंब आहे म्हणजे हलकं’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ते टिंब प्रकाशकाचं आहे.

सावधान : कुणीतरी हौसेने संगणकावर टाइप करून चढवलेल्या सुबक प्रती मिळतात. त्यांत सगळ्या खुणांची सरसकट टिंबं झालेली असू शकतात. मूळ कोणत्या आवृत्तीवरून टाइप केलं ते लिहिलेलं नसेल, तर खुणांसाठी ती प्रत बाजूला ठेवा.

## टप्पा २ : ही खूण स्टॅकाटोचीच आहे ना?

हा टप्पा पोरकट वाटतो. मलाही वाटायचा. एका संथ भागातल्या एकाच नोटेवर टिंब होतं. ती नोट मी कितीतरी दिवस तोडून वाजवली, आणि ती तशी का असावी यावर एक छोटा सिद्धान्तही रचला. मूळ पुस्तक हाती आलं तेव्हा तिथे टिंब नव्हतंच. झेरॉक्सच्या काचेवरचा ठिपका होता.

तर तपासायच्या गोष्टी अशा :

स्टॅकाटोचं टिंब नोटेच्या डोक्याच्या वर किंवा खाली असतं. नोट दीडपट करणारं टिंब तिच्या उजवीकडे असतं. छापलेल्या प्रतीत हे सहज कळतं, पण घाईत लिहिलेल्या हस्तलिखितात ते खाली-वर सरकतं. शंका आली तर बारमधले ठोके मोजा, हिशेब आपोआप उत्तर देतो.

उभी बारीक रेघ म्हणजे बोटाचा आकडा १ असू शकतो. हा गोंधळ जुना आहे. कार्ल फिलिप इमान्युएल बाख (योहान सेबास्टियन बाखचा मुलगा) आपल्या कळवाद्य-वादनावरच्या पुस्तकात १७५३ साली लिहितो की रेघ आणि टिंब यांचा अर्थ एकच, पण बोटांच्या आकड्यांशी गल्लत नको म्हणून आपण टिंबं वापरली. त्याच्या पुस्तकातल्या टिंबांवरून ‘बाखला हलका स्टॅकाटो हवा होता’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे वाक्य दाखवा.

एका लांब नोटेवर चार किंवा आठ टिंबं आणि दांडीवर तिरप्या रेघा असतील, तर ती संक्षेपाची खूण असू शकते : ही नोट इतक्या वेळा वाजवा. तिथे स्टॅकाटो असेलच असं नाही.

फ्रेंच हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं कळवाद्य) संगीत पियानोवर वाजवत असाल तर आणखी दोन सापळे आहेत. सारख्या लांबीच्या नोटांवरची टिंबं तिथे ‘या नोटा लंगडत्या लयीत न वाजवता समान वाजवा’ असंही सांगतात. आणि कूपरँने १७१३च्या पहिल्या पुस्तकात दिलेली, पाचरेसारखी दिसणारी ‘आस्पिरासियों’ची खूण सूर मध्येच तोडायला सांगते. ती स्टॅकाटोच्या जवळची आहे, पण तिचं काम अलंकाराचं आहे.

हस्तलिखितात शाईचे शिंतोडे असतात, कागदाच्या मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली असते. पलीकडच्या पानाचं चित्र उलटं करून शेजारी ठेवलं की उमटलेले ठिपके लगेच ओळखू येतात.

## टप्पा ३ : त्या हाताची सवय शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकाच खुणेकडे भिंग लावून बघू नका, पानभर खुणा बघा.

झेरॉक्सवर दोन रंगांनी काम करा. हस्तलिखितात स्पष्ट रेघ आहे तिथे एक रंग, स्पष्ट टिंब आहे तिथे दुसरा. दोन्हींच्या मधलं जे असेल ते कोरं सोडा. मग कोरं किती उरलं ते मोजा. कोरं जवळपास नसेल, तर हा माणूस दोन खुणा जाणूनबुजून वेगळ्या करतोय. निम्मं पान कोरं असेल, तर बहुधा तो एकच खूण लिहितोय आणि तिचा आकार लेखणीच्या वेगाने ठरतोय.

मोझार्टच्या बाबतीत नेमकं हेच भांडण आहे. त्याच्या हस्तलिखितात एकाच ओळीत रेघ सुरू होते आणि हात धावायला लागला की तिचं टिंब होत जातं. एकट्यादुकट्या नोटेवर आणि जोरकस जागी सहसा रेघ दिसते. कमानीखाली स्पष्ट टिंबं दिसतात. मधल्या खुणांचं काय करायचं यावर संशोधकांत इतका वाद झाला, की १९५०च्या दशकात जर्मनीतल्या संगीतसंशोधन संस्थेने खास या प्रश्नावर निबंध मागवले आणि १९५७ साली ते पुस्तकरूपाने छापले. निबंधकारांचं एकमत झालं नाही. नव्या समग्र आवृत्तीने टिंब आणि रेघ वेगळी छापायचं ठरवलं, म्हणजे मधल्या प्रत्येक खुणेवर संपादकाला निकाल द्यावा लागला. मोझार्टच्या छापील पानावरचं टिंब हा कधी कधी असा निकाल असतो, एवढं ध्यानात ठेवा.

बेथोव्हेनकडे चित्र अधिक स्वच्छ आहे. सुटा स्टॅकाटो तो साधारणपणे रेघेने लिहितो आणि टिंबं मुख्यतः कमानीखाली. सातव्या सिंफनीच्या नकललेल्या प्रतींत त्याने स्वतः केलेल्या दुरुस्त्या बघून संशोधक नोटेबोमने १९व्या शतकातच हे दाखवलं होतं. १८२५च्या ऑगस्टमध्ये एका चौकडीची (चार तंतुवाद्यांच्या रचनेची) नक्कल चालू असताना व्हायोलिनवादक कार्ल होल्झला लिहिलेल्या पत्रात बेथोव्हेन बजावतो की टिंबाच्या जागी रेघ चालणार नाही आणि रेघेच्या जागी टिंब चालणार नाही. पत्र तंतुवाद्यांच्या संगीताबद्दल आहे, पण लिहिणारा हात तोच. तेव्हा बेथोव्हेनच्या पियानो सोनाटात त्या रेघेच्या जागी पाचर छापलेली दिसली की ‘अतिशय तुटक’ असा अर्थ लावू नका. त्याची ती साधी, रोजची स्टॅकाटोची खूण आहे.

शोपँची अडचण निराळी. त्याच्या बऱ्याच रचना पॅरिस, लाइप्झिग आणि लंडन इथे साधारण एकाच सुमाराला छापल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत गेली, कधी त्याच्या हातची, कधी नकलनिसाच्या हातची, कधी दुरुस्त केलेली मुद्रितं. तिन्हींत खुणा जुळत नाहीत तेव्हा ‘खरी कोणती’ हा प्रश्न बऱ्याचदा फोल असतो, कारण त्याने स्वतःच दोन वेळा दोन गोष्टी लिहिलेल्या असू शकतात. त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने केलेल्या खुणा टिकल्या आहेत, त्याही बघाव्यात.

पहिली छापील आवृत्ती वाचताना खोदकाम करणारा डोळ्यांसमोर आणा. धातूच्या पत्र्यावर पोलादी ठशांनी ठोकून तो खुणा उमटवायचा. त्याच्या हाताशी जो ठसा, तीच खूण पानभर. म्हणून पहिल्या आवृत्तीत सगळीकडे पाचर दिसली तर ती छापखान्याची सवय असू शकते. खूण *आहे की नाही* यासाठी ही आवृत्ती मोलाची. तिच्या *आकारासाठी* तिच्यावर फार भार टाकू नका.

हस्तलिखितच नसेल तर? तर आपण पहिल्या आवृत्तीवर अवलंबून आहोत हे मान्य करायचं. मोझार्टची ‘तुर्की’ शेवट असलेली ए मेजर सोनाटा १७८४ साली छापली गेली. तिच्या हस्तलिखिताचं शेवटचं पान तेवढं ठाऊक होतं. २०१४ साली बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणखी चार पानं सापडली आणि इतक्या वाजवलेल्या या रचनेतले तपशील पुन्हा तपासावे लागले.

तपासणी : चाल परत येते ती जागा आता उघडा. पहिल्यांदा खुणा आहेत आणि दुसऱ्यांदा नाहीत, असं असेल तर दोन शक्यता. बाकी सगळं तसंच असेल, तर लिहिणाऱ्याने ‘पूर्वीप्रमाणे’ गृहीत धरलं असावं. साथ, आवाजाची पातळी किंवा स्वरपट्टी बदलली असेल, तर खुणा मुद्दाम गाळल्या असू शकतात. डोळे झाकून दोन्हीकडे सारखं करायचं नाही. हीच चूक जुने संपादक करत आले.

## टप्पा ४ : खूण नसलेल्या नोटा बघा

स्टॅकाटो हा फरक आहे. कशापासून फरक, ते ठरल्याशिवाय तो वाजवता येत नाही.

बाखच्या १७५३च्या नियमानुसार कोणतीही खूण नसलेली नोट साधारण अर्धी लांबी धरायची, आणि स्टॅकाटोची नोट अर्ध्याहून किंचित कमी. पुन्हा वाचा : अर्धी, आणि अर्ध्याहून किंचित कमी. म्हणजे लांबीत फरक जवळपास नाहीच. ट्युर्क या जर्मन संगीतशिक्षकाने १७८९ साली हीच हरकत घेतली, की असं केलं तर साधा स्पर्श आणि स्टॅकाटो यांत भेदच उरणार नाही. त्याच्या मते बिनखुणेची नोट वेळेच्या थोडी आधी सोडायची. पियानोवादक-संगीतकार क्लेमेंती १८०१ साली उलट टोकाला जातो : संगीतकाराने काही सांगितलं नसेल तर मुख्यतः लेगाटोच (सूर एकमेकांना जोडून) वाजवा.

पन्नास वर्षांत पायाच बदलला. त्यामुळे १७७०च्या दशकातल्या तुकड्यात खूण नसलेल्या नोटा चिकटवून वाजवल्यात, तर खुणेच्या नोटा आपोआप भडक उठतील, मग त्या कितीही नाजूक वाजवा. स्टॅकाटो ‘फार तुटक’ वाटतोय अशी तक्रार असेल, तर बऱ्याच वेळा दुखणं शेजारच्या नोटांत असतं.

## टप्पा ५ : खुणेचं काम ठरवा

एकच खूण चार वेगळी कामं करते. तुमच्या तुकड्यातल्या प्रत्येक खुणेखाली पेन्सिलीने एक अक्षर लिहा.

त — तोडणं. नोट लहान करून दोन सुरांमध्ये हवा सोडायची. ओळीने धावणाऱ्या क्वेव्हरवर (अर्ध्या क्रॉचेटच्या नोटांवर) सहसा हेच.

व — वेगळं करणं. सूर जवळजवळ पूर्ण धरायचा, फक्त पुढच्याला चिकटू द्यायचा नाही. कमान संपल्यावर लगेच येणाऱ्या नोटेवरची रेघ पुष्कळदा एवढंच सांगते : ही कमानीत नाही.

ज — जोर. लांब नोटेवर, म्हणजे मिनिम (दोन क्रॉचेटची नोट) किंवा त्याहून मोठ्या नोटेवर एकटी रेघ दिसली, आणि आवाज फोर्टे (मोठा) असेल, तर ती नोट ठासून उभी करायची आहे का ते तपासा. अशी नोट पाव करून टाकली की मागे खड्डा पडतो.

क — कमानीखालची टिंबं. हा पोर्टाटो. प्रत्येक सुराला स्वतंत्र वजन, पण ओळ तुटत नाही. याला स्टॅकाटोचा मवाळ प्रकार म्हणण्यापेक्षा लेगाटोचा दाबून बोललेला प्रकार म्हटलं तर हात बरोबर वळतो.

सावधान : एका नोटेला दोन अक्षरं लागली तर बिघडलं नाही. पण सगळ्याच नोटांना ‘त’ लागला असेल, तर तुम्ही वाचलेलं नाही, गृहीत धरलंय. परत जा.

## टप्पा ६ : आता लांबी

मेट्रोनोम काढा. क्रॉचेट (सहसा एका ठोक्याची नोट) ६० असेल, म्हणजे मिनिटाला साठ, तर क्रॉचेटला एक सेकंद मिळतो. आदामच्या हिशेबाने पाचर ०.२५, टिंब ०.५, पोर्टाटो ०.७५ सेकंद. हे फरक कुणालाही ऐकू येतात आणि इथे निवडीला अर्थ आहे.

आता क्रॉचेट १४४ ठेवा आणि सेमीक्वेव्हर (पाव क्रॉचेटच्या नोटा) वाजवा. एकेक नोट सुमारे ०.१०४ सेकंदाची. तिचं अर्धं ०.०५२ आणि पाव ०.०२६. टिंब आणि पाचर यांच्यातला हा फरक बोटांनी मोजून वाजवणं जवळपास अशक्य. वेगवान जागी लांबी विसरा. पट्टी किती खोल दाबायची आणि किती वजन टाकायचं, एवढंच ठरवा. टिंब उथळ आणि हलकं, पाचर तळापर्यंत.

बार्टोकच्या बाबतीत मात्र अंदाज लढवायची गरज नाही. शिकाऊ वादकांसाठी केलेल्या आवृत्त्यांत त्याने अर्थ लिहूनच दिले : साधं टिंब म्हणजे फार तर अर्धी लांबी, टिंबासोबत आडवी रेघ असेल तर अर्ध्याहून कमी नाही. संगीतकार स्वतः सांगत असेल तिथे आदाम, ट्युर्क सगळे बाजूला.

## टप्पा ७ : पेडल आणि वाद्य

पेडल दाबलेलं आहे आणि वर टिंबं आहेत, अशी जागा १९व्या शतकाच्या संगीतात आणि द्यब्युसीत हमखास येते. दोन्ही खुणा एकमेकींना खोटं पाडत नाहीत. पट्टी सुटली तरी सूर पेडलमुळे चालू राहतो. टिंब हाताला सांगतं की पट्टी धरून बसू नका, उचलून घ्या, त्याने आघात निराळा येतो. अशा जागी टिंब ऐकू यावं म्हणून पेडल गाळणं ही नेहमीची चूक. आधी पेडल कोणाचं आहे ते पहिल्या टप्प्यासारखं तपासा. संगीतकाराचं असेल तर ते राहणार.

वाद्याचा विचार अगदी शेवटी. सूर थांबतो तो डँपर (तार गप्प करणारी गादी) तारेवर बसल्यावर. आजच्या मोठ्या पियानोच्या खालच्या तारा जाड, त्या गप्प व्हायला वेळ घेतात, म्हणून डाव्या हाताचा स्टॅकाटो ठरवलेल्या मापापेक्षा थोडा आधी सोडावा लागतो. वरच्या टोकाच्या साधारण दीड सप्तकाला डँपरच नसतात. तिथे पट्टी कितीही चपळाईने सोडा, सूर आपल्या गतीनेच विरतो, त्यामुळे तुटकपणा स्पर्शातूनच आणावा लागतो. मोझार्टच्या काळच्या व्हिएन्नी पियानोत सूर मुळातच लवकर विरायचा आणि डँपर चटकन गप्प करायचे, हे त्याच्या पाचरा वाजवताना आठवा.

तपासणी : तुकडा फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण फोन पियानोवर ठेवू नका; खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मग झेरॉक्स बाजूला ठेवून, डोळे मिटून ऐका आणि ‘त’, ‘व’, ‘ज’, ‘क’ कुठे आले ते कोऱ्या कागदावर लिहा. झेरॉक्सशी ताडून बघा. ‘व’ आणि ‘त’ यांची अदलाबदल सगळ्यात जास्त होते. ती झाली असेल तर सहाव्या टप्प्याकडे वळू नका, आधी चौथ्या टप्प्यातल्या बिनखुणेच्या नोटा ऐका.

हे जुळलं की मग मूळ पुस्तकात पेन्सिलीने लिहा, आणि प्रत्येक बदललेल्या खुणेशेजारी ती कुठून आली तेही : ‘ह’ म्हणजे हस्तलिखित, ‘प’ म्हणजे पहिली आवृत्ती, ‘मी’ म्हणजे मी.